संघ बाद फेरीत पोहोचला, आता पुढे काय? नव्या टीम मॅनेजरसाठी मार्गदर्शक

फुटबॉलच्या साखळी फेरीत एखादा सामना हातचा गेला तर पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. बाद फेरीत ती मुभा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ खेळाडू आणि कोच यांच्यापुरताच लावला जातो: जोर लावा, गोल खाऊ नका. टीम मॅनेजरसाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. संघयादीत चुकलेलं एक नाव किंवा मोजायचं राहून गेलेलं एक कार्ड एवढ्यावर मैदानात जिंकलेला सामना दुसऱ्या दिवशी समितीच्या पत्राने हरलेला ठरतो. असे निकाल मोठमोठ्या क्लबांच्या बाबतीतही लागलेले आहेत, त्यांचे दाखले पुढे येतीलच.

क्लबच्या संघाची ही कागदोपत्री बाजू मी सांभाळतो. या कामात नव्याने आलेले लोक दर हंगामात तेच तेच प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा सामन्याच्या आदल्या रात्री. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. मोठ्या माणसांच्या खुल्या गटातला, ११ जणांचा फुटबॉल धरून लिहिलंय.

१. आधी नियमावली वाचा, आणि पेन्सिल घेऊन वाचा

फुटबॉलचे मूळ नियम जगभर सारखे असतात, ते आयफॅब ही संस्था ठरवते. पण बाद फेरीत बरोबरी झाली तर निकाल कसा लावायचा, यासाठी त्या नियमांनी फक्त पर्याय दिले आहेत: बाहेरच्या मैदानावरचे (म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेले) गोल, जास्तीत जास्त १५-१५ मिनिटांचे जादा वेळेचे दोन भाग, आणि पेनल्टी. यातलं काय घ्यायचं आणि कशाला कशाची जोड द्यायची, हे ठरवते तुमच्या स्पर्धेची नियमावली.

टीव्हीवर पाहिलं म्हणून आपल्याकडेही तसंच असणार, असं धरून चालू नका. दक्षिण अमेरिकेतल्या कोपा लिबर्तादोरेस स्पर्धेत अंतिम सामना सोडला तर बाद फेरीत बरोबरी झाली की थेट पेनल्टी. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आधी जादा वेळ, मग पेनल्टी. दोन्ही आपापल्या खंडातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धा, आणि रीत मात्र वेगळी.

वाचताना या प्रश्नांची उत्तरं समासात लिहून ठेवा:

- एकच सामना आहे की दोन लेग, म्हणजे त्याच प्रतिस्पर्ध्याशी एक घरचा आणि एक परतीचा सामना?
- बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट टायब्रेकर (म्हणजे पेनल्टी)? उपांत्य आणि अंतिम सामन्याला वेगळा नियम आहे का?
- बदली खेळाडू किती? ते किती खेपांमध्ये उतरवायचे? जादा वेळेत एक जास्तीचा मिळतो का?
- साखळीतली पिवळी कार्डं पुढे येतात का? कुठल्या फेरीनंतर पुसली जातात?
- नवा खेळाडू नोंदवता येतो का, आणि कुठल्या तारखेपर्यंत?
- संघ उशिरा आला तर किती मिनिटं थांबतात?
- तक्रार किती वेळात, कुणाकडे आणि किती शुल्क भरून करायची?

एखादं उत्तर सापडलं नाही तर आयोजकांना लेखी विचारा. “हो हो, गेल्या वर्षीसारखंच आहे” हे तोंडी वाक्य वाद झाल्यावर कुणालाच आठवत नाही. शिवाय नियमावलीची ताजी प्रत तुमच्याकडे आहे ना, ते बघा. साखळी संपता संपता एखादं परिपत्रक निघतं आणि ग्रुपवरच्या शुभेच्छांच्या गर्दीत दडून जातं.

२. ड्रॉ नीट वाचा

ड्रॉ म्हणजे कुणाचा सामना कुणाशी, याचा तक्ता. त्याचं गणित सोपं आहे. संघांची संख्या ४, ८, १६, ३२ अशी असेल तर सगळे पहिल्या फेरीपासून खेळतात. नसेल तर त्याच्या वरचा पुढचा आकडा घ्या आणि त्यातून संघ वजा करा, तेवढ्या संघांना बाय मिळते, म्हणजे पहिली फेरी न खेळता ते थेट दुसऱ्या फेरीत जातात. १३ संघ असतील तर १६ वजा १३, म्हणजे तिघांना बाय. बाय फक्त पहिल्या फेरीत द्यायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बाय दिसली तर ड्रॉ चुकलाय, लगेच दाखवून द्या. एकच लेग असेल तर एकूण सामने संघांपेक्षा एक कमी होतात, तिसऱ्या क्रमांकाचा सामना असेल तर तो वेगळा धरायचा.

गटविजेता विरुद्ध दुसऱ्या गटातला उपविजेता, ही नेहमीची पद्धत. तिथे एक गोष्ट विचारून घ्या: अंतिम सामन्यापर्यंतचा मार्ग आताच ठरलाय, की प्रत्येक फेरीनंतर नव्याने चिठ्ठ्या काढणार? मार्ग ठरलेला असेल तर तुमच्या संभाव्य पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना बघायला आजच कुणालातरी पाठवता येतं.

आणि सामना तटस्थ मैदानावर असला तरी कागदावर एक संघ ‘यजमान’ असतो. जर्सीचा रंग आधी कुणी निवडायचा, कुठला बाक कुणाचा, हे बऱ्याचदा त्यावरून ठरतं. ड्रॉमध्ये आधी छापलेलं नाव सहसा यजमानाचं.

३. कोण खेळू शकतो, हे स्वतः तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मैदानातल्या चुकीची शिक्षा एका गोलची असते, इथल्या चुकीने आख्खी स्पर्धा जाते.

२०१४ साली चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोलंडच्या लेगिया वॉर्सॉने स्कॉटलंडच्या सेल्टिकला घरी ४-१ आणि परतीच्या सामन्यात २-० असं हरवलं. एकूण ६-१. पण परतीच्या सामन्यात शेवटची काही मिनिटं लेगियाने एक बचावपटू बदली म्हणून उतरवला होता. त्याच्यावर तीन सामन्यांचं निलंबन होतं. तो तीन सामने बाहेर बसलाही होता, पण त्यातल्या दोन सामन्यांच्या वेळी त्याचं नाव स्पर्धेसाठी नोंदवलेल्या यादीतच नव्हतं. नियमानुसार यादीत नसलेल्या खेळाडूचं निलंबन भोगून झालं असं धरत नाहीत. दुसरा सामना सेल्टिकला ३-० असा बहाल झाला, एकूण गोल ४-४ झाले आणि बाहेरच्या मैदानावर केलेल्या एका गोलच्या जोरावर सेल्टिक पुढे गेला. सामना केव्हाच हातात आलेला असताना केलेला एक बदल लेगियाला महागात पडला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, स्पेनच्या कोपा देल रे स्पर्धेत रेआल माद्रिदने कादिझला ३-१ असं हरवलं आणि तरीही स्पर्धेतून बाद झाला. त्यांचा एक खेळाडू आदल्या हंगामात दुसऱ्या क्लबकडून त्याच स्पर्धेत खेळला होता, आणि तिथल्या पिवळ्या कार्डांमुळे आलेलं एका सामन्याचं निलंबन बाकी होतं. आम्हाला कळवलं नव्हतं, हे माद्रिदचं म्हणणं मान्य झालं नाही.

यातून घ्यायचं ते असं. कार्डांचा हिशोब आयोजक ठेवतात म्हणून तुम्ही निवांत राहू नका. एक साधी वही करा: खेळाडूचं नाव, कुठल्या सामन्यात, कितव्या मिनिटाला, कुठलं कार्ड, निलंबन कधी भोगलं. प्रत्येक सामन्यानंतर ती रेफरीच्या अहवालाशी ताडून बघा. हंगामात नवीन आलेल्या प्रत्येक खेळाडूला विचारा, आधीच्या क्लबकडून या स्पर्धेत खेळलास का, कार्ड मिळालं होतं का. खेळाडूंना स्वतःची पिवळी कार्डं आठवत नाहीत, हे गृहीत धरा आणि जुन्या क्लबकडून खात्री करून घ्या.

पिवळी कार्डं एका टप्प्यानंतर पुसणाऱ्या स्पर्धा बऱ्याच आहेत, म्हणजे दोन पिवळ्यांमुळे कुणाचा अंतिम सामना हुकू नये. पण पुसली जातात ती सुटी कार्डं. आधीच लागू झालेलं निलंबन पुसलं जात नाही, आणि लाल कार्ड तर नाहीच. या दोन गोष्टींची गल्लत नवे मॅनेजर हमखास करतात.

सोबत एका फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कप्प्यात, ही कागदपत्रं ठेवा:

- स्पर्धेसाठी मंजूर झालेली खेळाडूंची यादी, आयोजकांच्या शिक्क्यासह
- प्रत्येक खेळाडूचं नोंदणीपत्र आणि फोटो असलेलं मूळ ओळखपत्र
- दुसऱ्या क्लबमधून आलेल्यांचं बदलीपत्र किंवा ना हरकत पत्र. दुसऱ्या देशातून आलेल्यासाठी आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र
- वयोगटाची अट असेल तर जन्मतारखेचा पुरावा
- कार्डांची वही आणि आधीच्या सामन्यांच्या अहवालांच्या प्रती
- नियमावली आणि सगळी परिपत्रकं, छापील स्वरूपात
- कोरे संघयादीचे फॉर्म आणि दोन चालू पेनं

छापील प्रतीचा आग्रह अशासाठी की वाद ऐन वेळी, मैदानाच्या कडेला होतो आणि तिथे मोबाइलच्या पडद्यावर कलम शोधत बसलं की समोरचा ऐकत नाही. कागद पुढे केला की आवाज खाली येतो.

४. दोन लेग असतील तर हिशोब आधी करून ठेवा

दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे. पहिला सामना घरी २-१ जिंकलात आणि परतीचा ०-१ हरलात तर एकूण २-२. जादा वेळ असलीच तर ती परतीच्या सामन्यानंतर, पहिल्या सामन्यात बरोबरी झाली तरी काही नाही.

गोंधळ होतो तो बाहेरच्या मैदानावरच्या गोलांवरून. एकूण गोल सारखे असतील तर ज्याने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे, हा नियम युरोपात १९६५-६६ च्या हंगामात कप विनर्स कपमध्ये आला आणि युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने तो २०२१ मध्ये काढून टाकला. नंतर दक्षिण अमेरिका आणि आशियाच्या क्लब स्पर्धांनीही सोडला. तरी मैदानावर दर दुसरा माणूस अजून तोच हिशोब सांगत असतो. वरच्या उदाहरणात हा नियम असेल तर तुम्ही बाद (त्यांचा तुमच्याकडे एक गोल, तुमचा त्यांच्याकडे शून्य). नसेल तर खेळ अजून बाकी आहे. केवढा फरक!

हा नियम लागू असेल तर आणखी दोन प्रश्न विचारा. जादा वेळेतला गोलही बाहेरचा म्हणून मोजणार का? आणि दोन्ही सामने एकाच मैदानावर असतील तर ‘बाहेरचा’ कोण? दुसरा प्रश्न कुणाला बाष्कळ वाटेल, पण २००३ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत एसी मिलान आणि इंटर दोन्ही सामने आपल्या सामायिक सान सिरो मैदानावर खेळले. पहिला ०-०, दुसरा १-१. दुसऱ्या सामन्यात मिलान कागदावर पाहुणा होता, म्हणून त्याचा एक गोल ‘बाहेरचा’ ठरला आणि मिलान अंतिम फेरीत गेला.

सगळ्या शक्यता एका चिठ्ठीवर लिहून कोचच्या हातात द्या: “०-१ झालं तर असं, १-२ झालं तर तसं.” ८५ व्या मिनिटाला कोच बाकावरून वळून “आता काय हवंय आपल्याला?” असं विचारतो, तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

५. सामन्याआधीची बैठक आणि किट

मोठ्या स्पर्धेत सामन्याआधी दोन्ही संघांची आणि पंचांची बैठक होते. छोट्या स्पर्धेत ती होत नसेल तर फोनवर तरी जर्सी ठरवून घ्या. चार रंग लागतात: दोन्ही संघांचे आणि दोन्ही गोलरक्षकांचे. गोलरक्षकाचा रंग इतर सगळ्या खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षाही वेगळा हवा. दोन गोलरक्षकांच्या जर्सी एकसारख्या निघाल्या आणि बदलायला दुसरी नसेल तर रेफरी सामना खेळू देतो, पण खेळाडूंच्या बाबतीत अशी सूट नाही. म्हणून जर्सीचा दुसरा संच नेहमी गाडीत ठेवा.

तपासणीत खेळाडू अडकतात ते ठरलेल्या गोष्टींवर: शिन गार्ड नाहीत, जर्सीच्या आत घातलेल्या बनियनची बाही वेगळ्या रंगाची, स्टॉकिंगवर गुंडाळलेली टेप वेगळ्या रंगाची, आणि अंगठी किंवा दोरा. “टेप लावतो वरून” ही पळवाट नियमात नाही, दागिना काढावाच लागतो. बोटातून न निघणाऱ्या अंगठीसाठी आदल्या रात्री साबण वापरा, रेफरीसमोर नको.

६. सामन्याच्या दिवशी

बाद फेरीचा सामना लांबला तर किती वेळ जाईल याचा अंदाज आधी घ्या: ९० मिनिटं, १५ मिनिटांची मध्यंतर, भरपाईची वेळ, ३० मिनिटं जादा, मग टायब्रेकर. एकूण अडीच तासांच्या पुढे. पाणी, बर्फ, टेप, सुके मोजे आणि परतीची गाडी त्या हिशोबाने ठरवा. मैदानावर दिवे नसतील तर सामना कधी सुरू होतोय आणि सूर्य कधी मावळतोय हे आयोजकांना आधीच विचारा.

संघयादी भरणं हे तुमचं काम, कॅप्टनवर सोडू नका. नोंदणीतलं नाव जसं आहे तसंच लिहा, घरगुती नाव नको. जर्सीचा नंबर प्रत्यक्ष जर्सी हातात घेऊन लिहा. बदली खेळाडूंची नावं सामना सुरू होण्याआधी रेफरीकडे गेलीच पाहिजेत. ज्याचं नाव यादीत नाही तो खेळू शकत नाही. उशिरा येणारा खेळाडूही यादीत असेल तरच आत येऊ शकतो, म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याचं नाव गाळू नका. सात खेळाडू असले की सामना सुरू करता येतो, सातपेक्षा कमी असतील तर सुरूच होत नाही.

दिलेल्या यादीचा फोटो काढून ठेवा. प्रतिस्पर्ध्याची यादीही मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि त्यातली नावं तुमच्याकडच्या कार्डांच्या नोंदींशी ताडून बघा.

७. जादा वेळ

निर्धारित वेळ संपली की खेळाडू जमिनीवर आडवे होतात आणि चारी बाजूंनी सल्ले सुरू होतात. तुम्ही दोनच गोष्टी बघा. किती बदल शिल्लक आहेत आणि जास्तीचा बदल मिळतोय का, हे चौथ्या पंचांकडून खात्री करून कोचला सांगा. आणि पिवळं कार्ड असलेल्यांची नावं सांगा, कारण जादा वेळ हा त्याच सामन्याचा भाग आहे, दुसरं पिवळं म्हणजे बाहेर. जादा वेळेच्या दोन भागांमध्ये पाणी पिण्यापुरती छोटी विश्रांती असते, फार तर एक मिनिटाची. भाषणाला वेळ नाही. बाटल्या रेषेवर आधीच मांडून ठेवा.

८. टायब्रेकर

पूर्वी बरोबरी सुटलीच नाही तर नाणं उडवायचे. १९६५ मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन दोन सामने ०-० खेळले, रॉटरडॅमला तिसरा २-२ सुटला, मग लाल-पांढरी चकती उडवली तर ती चिखलात कडेवर उभी राहिली. पुन्हा उडवली, लिव्हरपूल पुढे. १९७० पासून पेनल्टीची पद्धत आली. खेळाडू तिलाही लॉटरी म्हणतात, पण नियम माहीत असलेल्या संघासाठी ती तेवढी लॉटरी राहत नाही.

नाणेफेक दोनदा होते. पहिल्या नाणेफेकीवरून कुठल्या गोलवर पेनल्टी मारायच्या ते ठरतं, दुसरी जिंकणारा कॅप्टन आधी मारायचं की नंतर ते सांगतो. कॅप्टनला आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन बाकाकडे बघत उभा राहायला नको.

मारू शकतात ते फक्त सामना संपताना मैदानावर असलेले खेळाडू. दुखापतीवर उपचार घेण्यासाठी तेवढ्यापुरता बाहेर गेलेला चालतो. म्हणजे चांगला पेनल्टी मारणारा बाकावर असेल तर त्याला शेवटची शिट्टी वाजण्याआधी आत आणावं लागतं. गोलरक्षकाचंही तसंच. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता खास पेनल्टीसाठी टिम क्रुल या गोलरक्षकाला उतरवलं आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. हा बदल दोन मिनिटं उशिरा सुचला असता तर करता आला नसता. टायब्रेकर सुरू झाल्यावर बाकावरचा गोलरक्षक आणता येतो तो आधीचा खेळू शकत नसेल आणि बदल शिल्लक असेल तरच.

समोरच्या संघाला लाल कार्ड मिळून ते दहाच उरले असतील तर तुम्हालाही एक खेळाडू कमी करून दहा व्हावं लागतं. कोणाला वगळलं त्याचं नाव आणि नंबर रेफरीला सांगायचा. हे अनेकांना माहीतच नसतं आणि मग सेंटर सर्कलमध्ये घासाघीस चालते. खरं तर हा फायदा आहे: पेनल्टी मारायला सगळ्यात कचरणारा खेळाडू सरळ वगळता येतो.

मारण्याचा क्रम रेफरीला द्यावा लागत नाही, पण तुमच्याकडे तो लिहिलेला हवा, आणि पाचचा नाही, अकराचा. पाच-पाच झाल्यावरही बरोबरी असेल तर एक-एक मारत जायचं, आणि सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही. २०२१ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात विलारेआल आणि मँचेस्टर युनायटेडचे सगळे बावीस जण मारून झाले. विलारेआलच्या गोलरक्षकाने गोल केला, युनायटेडच्या गोलरक्षकाची पेनल्टी अडवली गेली, ११-१० ने करंडक गेला. सरावात गोलरक्षकालाही दोन-चार पेनल्टी मारायला लावा.

बाकीचे बारकावे भराभर सांगतो. मारणारा आणि दोन गोलरक्षक सोडून सगळे सेंटर सर्कलमध्ये. मारणाऱ्याच्या संघाचा गोलरक्षक गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात तिथे उभा. चेंडू मारताना अडवणाऱ्या गोलरक्षकाचा एक पाय तरी गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा. धावत येताना मध्ये हुलकावणी दिली तर चालते, पण पूर्ण धावून आल्यावर मारण्याचा खोटा आव आणला तर पेनल्टी वाया आणि वर पिवळं कार्ड. चेंडू परत आला तर पुन्हा मारता येत नाही. सामन्यात मिळालेलं पिवळं कार्ड टायब्रेकरमध्ये पुढे धरत नाहीत, म्हणजे तिथे आणखी एक मिळालं तरी खेळाडू बाहेर जात नाही, हे घाबरलेल्या गोलरक्षकाला मुद्दाम सांगा. आणि कुणी पाणी प्यायला किंवा आणखी कशाला मैदानाबाहेर गेला आणि पाळी आली तेव्हा परतला नाही, तर थांबत नाहीत, त्याची पेनल्टी हुकली असं धरतात.

९. अन्याय झाला असं वाटलं तर

मैदान सोडू नका. चौघं ओरडत असतात “चला रे बाहेर”, तेव्हा हे सांगणं अवघड जातं, पण तेवढ्यासाठीच तुम्ही तिथे असता. २०१९ च्या आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत परतीच्या सामन्यात मोरोक्कोच्या वायदादचा बरोबरीचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची यंत्रणा, बंद होतं, त्यामुळे तपासता आला नाही. वायदादच्या खेळाडूंनी पुढे खेळायला नकार दिला, बराच वेळ वाट बघून रेफरीने सामना संपवला. बराच काळ वाद चालला, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं, आणि शेवटी विजेतेपद ट्युनिशियाच्या एस्पेरान्सकडेच राहिलं.

तक्रार कशाची करता येते हेही समजून घ्या. गोल झाला की नाही, ऑफसाइड होता की नाही, पेनल्टी द्यायला हवी होती का, हे खेळातल्या घटनांबद्दलचे निर्णय, आणि त्यात रेफरीचा शब्द अंतिम. त्यावर शुल्क भरून तक्रार करणं म्हणजे पैसे पाण्यात. समिती ऐकते ती अपात्र खेळाडू, जास्तीचा बदल, जादा वेळ न देता थेट टायब्रेकर घेणं असल्या नियमभंगाच्या तक्रारी. त्यातही बऱ्याच स्पर्धांमध्ये कॅप्टनने सामन्यादरम्यानच रेफरीकडे आक्षेप नोंदवावा लागतो. अर्ज छोटा ठेवा: कुठला सामना, काय घडलं, कुठल्या कलमाचा भंग, काय मागणी. पंचांच्या लायकीवरचे परिच्छेद गाळा. पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

१०. सामना संपल्यावरचा अर्धा तास

जिंकलात तर सगळे नाचत असतात, तुम्ही पंचांच्या खोलीकडे जा. अहवालातला स्कोअर, कार्डं, बदली खेळाडूंची नावं वाचून मगच सही करा. दोन भावांपैकी एकाचं कार्ड दुसऱ्याच्या नावावर जाणं, नंबर ६ चा ९ होणं, हे नेहमीचं. तिथल्या तिथे दुरुस्त होतं, दोन दिवसांनी त्यासाठी अर्ज करावा लागतो. ओळखपत्रं मोजून परत घ्या. वहीत कार्डं चढवा. कोण पुढच्या सामन्यात बसणार ते कोचला त्याच दिवशी सांगा, कारण तो उद्याच्या सरावाची आखणी आजच करत असतो. पुढच्या फेरीची तारीख, मैदान, यजमान कोण आणि जर्सीचा रंग विचारून घ्या.

हरलात तर अनामत रक्कम परत मिळवण्याची मुदत बघा, उसन्या घेतलेल्या जर्सी मोजा आणि निलंबन बाकी असलेल्या खेळाडूंची यादी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी काढून ठेवा. पुढच्या वर्षी ती लागणार आहे, आणि त्यातला एखादा खेळाडू तोवर दुसऱ्या क्लबमध्ये गेला असेल तर त्या क्लबच्या मॅनेजरचा फोन येईल.